शेअरबाजाराचे पंतोजी

मोबाईलच्या पडद्यावर दहा-पंधरा मिनिटांची चित्रफीत पाहून शेअरबाजाराचे धडे घेणे ही आज घरोघर दिसणारी गोष्ट झाली आहे. बेळगावचा दुकानदार, इंदूरची गृहिणी, वडोदऱ्याचा महाविद्यालयीन विद्यार्थी, या सर्वांना एकाच वेळी शिकवणारा हा नवा पंतोजी होय. साधन नवे आहे खरे. परंतु बाजाराची विद्या सामान्य माणसाला कोणी शिकवावयाची, आणि शिकवणाऱ्याचा स्वतःचा त्यात लाभ कोणता, हा प्रश्न मुंबईच्या बाजाराइतकाच जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या टाऊन हॉलासमोर वडाच्या झाडांखाली मूठभर दलाल जमत आणि भागांची खरेदी-विक्री करीत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि गुजरात, खानदेश व वऱ्हाड येथील कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका निघाल्या, पेढ्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांचे भाग घेण्यासाठी सावकारापासून कारकुनापर्यंत सारे धावले. यांपैकी कितीजणांना कंपनीचा ताळेबंद म्हणजे काय हे ठाऊक होते? त्यांना ठाऊक होते एक नाव, प्रेमचंद रायचंद. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा हा दलाल विलायतेहून येणाऱ्या आगबोटीकडे आपले मचवे आधीच धाडून कापसाचे भाव इतरांपूर्वी मिळवीत असे, अशी कथा सांगतात. प्रेमचंदांनी घेतले ते आपणही घ्यावे, एवढेच त्या काळचे अर्थशिक्षण. बँक ऑफ बाँबेसारख्या प्रतिष्ठित संस्थेनेही त्यांच्या शब्दावर कर्जे दिली.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. पुढच्या मुदतीचे असंख्य वायदे १ जुलै १८६५ रोजी पुरे व्हावयाचे होते. तो दिवस उजाडला तेव्हा देणेकऱ्यांच्या हाती काही नव्हते. बँक ऑफ बाँबेचा जो भाग २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांना विकावा लागला. १८६८ साली ती बँकच बुडाली. तरुणपणी हा सारा प्रकार पाहिलेल्या दिनशा वाच्छा यांनी १९१० साली त्यावर एक पुस्तक लिहिले. मुंबईचे शिक्षण असे उशिरा झाले. प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा मात्र टिकला, आणि तो विद्यापीठाच्या आवारात आहे, हा योगायोग मोठा बोलका म्हणावयाचा.

९ जुलै १८७५ रोजी दलालांनी आपली संघटना स्थापन केली. सभासद ३१८, प्रवेश फी एक रुपया. दलालांनी परस्परांशी कसे वागावे याचे नियम तीत होते. गिऱ्हाइकाला शहाणे करणे हा तिचा हेतू नव्हता. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे वर्तमानपत्रातील भावांचे कोष्टक आणि ओळखीचा दलाल हीच मध्यमवर्गाची पाठशाळा राहिली. बहुतेक मराठी कुटुंबे तर या वाटेला गेलीच नाहीत. बायबलातील दृष्टांतातल्या त्या भित्र्या चाकराप्रमाणे त्यांनी आपला ठेवा पुरूनच ठेवला. जमिनीत नव्हे, सोन्यात आणि पोस्टात. १९६४ साली युनिट ट्रस्ट निघाला, तोही ‘तुम्ही शिकू नका, आमच्यावर सोपवा’ असेच जणू सांगत. जुलै २००१ मध्ये त्याच ट्रस्टला आपल्या सर्वांत लोकप्रिय योजनेची फेरखरेदी काही महिने थांबवावी लागली, तेव्हा न शिकण्याचीही किंमत असते हे अनेक निवृत्त माणसांना कळले. मधल्या काळात, १९९२ साली, हर्षद मेहता हा दलाल आधी गुरू आणि मग आरोपी झाला. त्याच वर्षी सेबी या नियामक मंडळास कायद्याचे अधिकार मिळाले.

पुढे दलालाची जागा दूरध्वनीने घेतली. ‘अमुक भाग आज घ्या’ असे अनोळखी आवाज सांगू लागले. इंदूर शहरात अशा सल्लागार पेढ्यांची इतकी गर्दी झाली की सेबीला त्यांतील अनेकींवर कारवाई करावी लागली.

मग २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि २०२० साली टाळेबंदीने माणसे घरात बसवली. मार्च २०२० मध्ये देशात डिमॅट खाती सुमारे चार कोटी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ती दहा कोटींच्या पुढे गेली. या नव्या मंडळींना चित्रफितींनी शिकवले, आणि त्यात खरोखर चांगलेही पुष्कळ होते, हे मान्य केले पाहिजे. ताळेबंद कसा वाचावा, म्युच्युअल फंडाचा खर्च कोठे पाहावा, चक्रवाढ म्हणजे काय, या गोष्टी पूर्वी इंग्रजी पुस्तकांत कोंडलेल्या होत्या. पुण्याच्या चार्टर्ड अकौंटंट रचना रानडे यांच्यासारख्यांनी त्या मराठीतही समजावून दिल्या. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला, ज्याला आपल्या भाषेतले पुस्तकही सहज मिळत नाही, त्याला हे वरदानच वाटले असेल.

परंतु काळही शिक्षकांना अनुकूल होता. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २६,००० च्या खाली उतरला होता. जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५०,००० चा आकडा पाहिला. अशा दिवसांत ज्याने जे सांगितले ते खरे ठरले. वर्गातला प्रत्येक मुलगा उत्तीर्ण होऊ लागला तर मास्तर उत्तम की प्रश्नपत्रिका सोपी, हे विचारावयास कोणी थांबत नाही. त्यातच अनेक वाहिन्यांचे उत्पन्न विद्यार्थ्याच्या लाभावर अवलंबून नव्हते. जाहिरात, महागडे वर्ग, आणि वाहिनीने दिलेल्या दुव्यावरून खाते उघडल्यास दलाली पेढीकडून मिळणारे कमिशन ही त्याची साधने. शिष्य जितक्या वेळा खरेदी-विक्री करील तितके काही गुरूंना अधिक मिळे, मग शिष्य बुडो की तरो.

याचे टोक मार्च २०२३ मध्ये सेबीच्या अंतरिम आदेशांत दिसले. दोन लहान दूरचित्रवाणी कंपन्यांचे भाव आधी फुगवण्यात आले. मग त्यांच्याविषयी खोट्या बातम्या सांगणाऱ्या चित्रफिती यूट्यूबवर टाकून पैसे देऊन त्यांचा प्रसार करण्यात आला. लोक घेण्यास धावले, आणि त्याच वेळी आतल्या मंडळींनी आपले भाग विकले, असे त्या आदेशांत नमूद आहे. १८६४ च्या मुंबईला हे अपरिचित वाटले नसते.

वायदाही परतला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत भागांच्या वायदे व ऑप्शनच्या व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. हे सारे चित्रफिती पाहूनच बुडाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि या व्यवहाराची शिकवणी विकणाऱ्या वाहिन्या त्या काळात थोड्या नव्हत्या.

सेबीने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात शिक्षण आणि सल्ला यांच्यामध्ये एक रेषा ओढली, ती मुळातून पाहण्यासारखी आहे. नोंदणीकृत दलालांनी व संस्थांनी बिगर-नोंदणीकृत सल्लागारांशी संबंध ठेवू नयेत; केवळ शिक्षण देणाऱ्यांशी ठेवण्यास हरकत नाही; मात्र अशा शिक्षकाने मागील तीन महिन्यांतील बाजारभावांचा आधार घेऊन कोणत्याही भागाविषयी बोलता कामा नये. म्हणजे उदाहरण शिळे असावे. शिळ्या भावावर विद्यार्थ्याला आज काही कमावता येत नाही, मग त्याच्यापाशी उरतो तो केवळ विचार करण्याची रीत. यावर आक्षेप असा घेता येतो की ताज्या बाजाराशिवाय हे शिक्षण निर्जीव होईल. पण इतिहासाचा मास्तर पानिपत शिकवतो, चालू लढाईचे हुकूम देत नाही, आणि त्याने त्याचा विषय निर्जीव झालेला नाही. खरी उणीव निराळी आहे. जो कोणत्याही नोंदणीकृत पेढीशी संबंधच ठेवत नाही, आपली चित्रफीत निरुपद्रवी ठेवतो आणि ‘ताजे’ नाव फी घेऊन बंद दाराच्या समूहात कुजबुजतो, त्याच्यापर्यंत पोचण्यास सेबीला एकेका प्रकरणाचा स्वतंत्र तपास करावा लागतो. तोवर पाहणाऱ्याच्या हाती एवढेच असते की सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहावा. त्याला पाच मिनिटे लागतात, चित्रफितीहून कमीच.