माहुलीचे सुळके का अडखळतात?

शहापूर-मुरबाडकडे आता घरोघरी मोठे चपटे टीव्ही आलेत, आणि त्यांच्यासोबत एक तक्रारही आली आहे. माणसं बसून बोलत असतात तोवर सगळं छान. कॅमेरा डावीकडून उजवीकडे वळला, की चित्र ठेचा खात पुढे सरकतं. मुरबाडचे आमचे एक मामा हप्त्यावर घेतलेला टीव्ही दुकानात परत करायला निघाले होते. "पीस खराब दिलाय" हा त्यांचा निष्कर्ष. दुकानदार बिचारा केबल बदलून बदलून थकला. खरं तर दोघांचाही यात दोष नव्हता. ही भानगड जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे.

सुरुवात मूकपटांपासून करू. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवायचा होता. अशा कॅमेऱ्यांत एका फेऱ्याला ८ फ्रेम्स निघत आणि सेकंदाला दोन फेरे होत, म्हणजे साधारण १६ फ्रेम्स. 'साधारण', कारण शेवटी हात तो हात! वेग थोडा पुढे-मागे झाला तरी डोळा खपवून घेतो.

कान मात्र खपवून घेत नाही. १९२० च्या दशकाच्या शेवटी आवाज फिल्मच्याच पट्टीवर आला. आता वेग हलला की गाणाऱ्याचा सूरही हलणार! म्हणून वेग कायमचा बांधावा लागला: मिनिटाला ९० फूट. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम्स बसतात. ९० गुणिले १६, भागिले ६०, उत्तर २४. यापेक्षा हळू चालवली तर आवाजाचा दर्जा घसरतो, जोरात चालवली तर महागडी फिल्म जास्त जळते. १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि आपणही बोलपटांच्या जगात गेलो. थोडक्यात, चित्राचा वेग कानाने ठरवला :-)

आता थोडं गणित. समजा, आसनगावजवळून माहुलीच्या सुळक्यांवरून कॅमेरा फिरतोय आणि एक सुळका ४ सेकंदांत पडदा ओलांडतो. पडदा १९२० पिक्सेल रुंद. म्हणजे सेकंदाला ४८० पिक्सेल, आणि २४ ने भागलं तर प्रत्येक फ्रेमला २० पिक्सेलची उडी. उजळ आकाशापुढे काळी उभी कड असेल तर ही उडी लपतच नाही. कॅमेरामन लोकांना हे ठाऊक होतं. वस्तूला पडदा ओलांडायला निदान ७ सेकंद द्या, असा त्यांचा आडाखा आहे. शिवाय प्रोजेक्टरची पाती प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायची आणि मध्ये क्षणभर अंधार करायची. अंधाऱ्या थिएटरात किंवा जत्रेतल्या तंबूत हे सहज खपून जायचं.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्हीही सेकंदाला ५० वेळा चित्र काढणारा. २४ फ्रेम्सचा सिनेमा त्यात बसवायला सोपी युक्ती होती: तो २५ ने पळवायचा. प्रत्येक फ्रेम बरोब्बर दोनदा, हिशोब पूर्ण. किंमत एवढीच, की अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपायचा आणि गायकाचा सूर किंचित वर चढायचा. रविवारच्या सिनेमाला जमलेल्या गर्दीत कोणाला त्याचं काय!

आजचे स्ट्रीमिंग बॉक्स मात्र बहुधा ६० हर्ट्झवर चालतात. तो आकडा अमेरिकेच्या विजेचा. २४ ने ६० ला भागा, अडीच येतात, आणि अर्धी फ्रेम दाखवता येत नाही. म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, पुन्हा दोनदा. एक ३३ मिलिसेकंद टिकते, दुसरी ५०. उडी होतीच, आता तिची लयही गेली. त्यात पडदा मोठा, उजळ आणि पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची धरून ठेवणारा. जुना टीव्ही चमकून विझायचा, हा विझत नाही.

उपाय आहेत. बॉक्सच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. १२० हर्ट्झचा पॅनेल असेल तर २४ पाच पटीत नीट बसतात. टीव्हीतलं 'मोशन स्मूदिंग' मधल्या फ्रेम्स स्वतः बनवतं. चित्र गुळगुळीत होतं, पण सिनेमा मालिकेसारखा दिसतो. टॉम क्रूझने २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून ते बंद करायला सांगितलं होतं.

दुकानदाराशी भांडण्याआधी एक चाचणी करा: त्याच टीव्हीवर क्रिकेटचा थेट सामना लावा. तिथे कॅमेरा सेकंदाला ५० वेळा चित्र टिपतो. सीमारेषेकडे धावणाऱ्या चेंडूमागे कॅमेरा नीट वळत असेल, तर पीस चांगला आहे. हप्ते निवांत भरा.