तहानेतून घडलेले वाण : मालदांडी ज्वारी आणि मराठवाड्याची काळी माती

#थ्रेड

१/९
१९७२चा दुष्काळ. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यासह महाराष्ट्रात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, 'मिलो', आली. ज्वारीच्या प्रदेशाला ज्वारी आयात करावी लागली! या पिकाचे बळ आणि त्या बळाची मर्यादा, दोन्ही समजून घेण्यासाठी इतिहासात बरेच मागे जावे लागते.

२/९
ज्वारी मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानात तिच्या लागवडीचे ५,००० वर्षांहून जुने पुरावे मिळाले आहेत. लहरी पावसाच्या त्या गवताळ प्रदेशातून तहान सोसण्याचा वारसा घेऊन ती भारतात आली आणि दख्खनमध्ये रुजली.

३/९
येथे तिला बेसॉल्टपासून बनलेली, ओल धरून ठेवणारी काळी माती मिळाली. पैठण-गंगापूरच्या भारी जमिनीत रब्बीची ज्वारी पाऊस सरताना पेरली जाते. पुढचे चार महिने ती मुख्यतः मातीत साठलेल्या ओलीवर जगते.

४/९
माती सुकू लागताच मुळे रासायनिक संदेश धाडतात आणि पानांवरील सूक्ष्म छिद्रे मिटू लागतात. पाने गुंडाळतात, मुळे खोल ओल शोधतात. ताण वाढला तर वाढ थांबते आणि ओल मिळताच पुन्हा सुरू होते. ताटातील साठा कणसाकडे वळतो.

५/९
छिद्रे मिटली की पाण्यासोबत अन्ननिर्मितीही घटते. म्हणून कायमची काटकसर हा तोट्याचा सौदा. जेथे एक वर्ष ओले, दुसरे कोरडे, तेथे परिस्थिती पाहून वागणारे रोपच अधिक बी मागे ठेवते. उत्क्रांतीने निवडली ती ही लवचीकता.

६/९
या निवडीत माणूसही सामील झाला. कोरड्या वर्षीही भरलेली कणसे शेतकऱ्यांनी बियाण्यासाठी राखली. अशाच स्थानिक मालदांडीतून १९३०च्या दशकात मोहोळ (जि. सोलापूर) येथे 'मालदांडी ३५-१' हे वाण निवडले गेले.

७/९
१९६४मध्ये 'सीएसएच-१' हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. संकरित वाणांनी खरीप जिंकला. रब्बीच्या कोरड्या शेतात मात्र मालदांडी टिकून राहिली. भाकरीची चव आणि जनावरांसाठी कडबा, हीही त्याची कारणे.

८/९
पण ओलच साठली नाही, तर लवचीकताही हतबल होते. १९७२ने हेच दाखवले. योगायोग असा, की परभणीचे कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळील 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, दोन्ही त्याच वर्षी स्थापन झाली.

९/९
'इक्रिसॅट'च्या शीतगृहात आज ज्वारीचे हजारो नमुने सुरक्षित आहेत. मात्र शीतगृहातील बियाण्याला दुष्काळ भेटत नाही. त्याची उत्क्रांती तेथेच थबकते. ती चालू राहते शेतात, दरवर्षीच्या पेरणीत. ज्वारीचे शेत ऊस-कपाशीला गेले, की पीक तर बदलतेच. शिवाय हजारो वर्षे चाललेली निवडही त्या बांधापुरती थांबते.