नाथसागरातला गाळ आणि कोरिंगाचे कांदळवन

भरतीचे पाणी जेथवर चढते तेथील खाऱ्या चिखलात तिवर, चिप्पी, कांदळ यांसारखी झाडे वाढून जे वन तयार होते त्याला मराठीत कांदळवन म्हणतात. या वनाने शोषलेल्या कार्बनचा मोठा हिस्सा मुळांखालच्या चिखलात जातो आणि सतत पाण्याने भिजलेल्या त्या चिखलात प्राणवायू फारसा शिरत नसल्यामुळे गळलेली पाने व मेलेली मुळे कुजण्याची क्रिया अतिशय मंदावते. परिणामी तो कार्बन शतकानुशतके तेथेच साठून राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००९ मधील अहवालामुळे अशा किनारी साठ्यासाठी ‘निळा कार्बन’ हे नाव रूढ झाले आणि त्याच्या रक्षणासाठी निधी उभारण्याची चर्चाही जगभर वाढली. हा चिखल मुळात येतो कोठून, याचा माग काढू लागले की बंगालच्या उपसागरावरून थेट छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणपर्यंत यावे लागते.

त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या गोदावरीचे खोरे सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरांचे असून त्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात येतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या जोरदार पावसात सुटी होते आणि तिचे बारीक कण ओढ्यानाल्यांतून नदीला मिळतात. मराठवाडा पर्जन्यछायेत असल्याने गोदेला पाण्याचा मोठा पुरवठा पुढे प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांकडून होतो हे खरे; तरीही वरच्या खोऱ्यातील माती हा या प्रवाहाचा जुना ऐवज आहे. आंध्रात दौलेश्वरमच्या खाली नदीला फाटे फुटतात आणि गौतमी या फाट्याच्या मुखाशी, काकीनाड्याच्या दक्षिणेस, कोरिंगाचे कांदळवन पसरले आहे. एकेकाळी गजबजलेल्या कोरिंगा बंदराला १७८९ आणि १८३९ च्या चक्रीवादळांनी जबर तडाखे दिले, नदीच्या गाळाने त्याची खाडी उथळ केली, आणि ज्या गाळाने बंदर बुडवले त्यानेच वन वाढवले. १९७८ मध्ये हे वन अभयारण्य म्हणून घोषित झाले.

त्याच्या दोनच वर्षे आधी, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी, पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले होते. पायाभरणी लाल बहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये केली होती. नाथसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यातील ७३८ दशलक्ष घनमीटर हा मृत साठा आहे, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या पातळीखाली राहणारे पाणी. धरणात गाळ येणारच हे गृहीत धरून अशी जागा आराखड्यातच सोडलेली असते. दुष्काळाने पिचलेल्या मराठवाड्यासाठी हे धरण जीवनदायी ठरले, छत्रपती संभाजीनगरची तहान आजही त्यावरच भागते, आणि या उपकाराचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु जायकवाडी, तेलंगणातील श्रीरामसागर आणि उपनद्यांवरील लहानमोठी धरणे यांचा एकत्रित परिणाम खालच्या टोकाला दिसू लागला. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ वाहून नेत होती, तो १९९० च्या दशकात पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला आणि १९७६ नंतरच्या सुमारे पंचवीस वर्षांत त्रिभुज प्रदेशाच्या समुद्राकडील कडेने सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन गमावली.

किनाऱ्यावरचे उपाय मात्र किनाऱ्यापुरतेच आखले गेले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने भारत आणि कॅनडा यांच्या संयुक्त पर्यावरण निधीतून आंध्र, ओडिशा व तामिळनाडूत जे काम केले ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पूर्वी सरसकट तोड झालेल्या पट्ट्यांत उघडी पडलेली जमीन सुकून खचते, तेथे भरतीचे पाणी साचते, उन्हाने आटत जाते आणि मीठ इतके वाढते की तिवराचे बीही रुजत नाही, असे या अभ्यासकांनी दाखवले. त्यावर एक मुख्य चर आणि त्याला माशाच्या काट्यांसारखे तिरपे उपचर खोदून भरतीओहोटीचे पाणी पुन्हा खेळते केले गेले, खारटपणा उतरला, मग रोपे लावली गेली, आणि हे सारे गावकऱ्यांच्या समित्यांना बरोबर घेऊन झाले. पुढे जागतिक पर्यावरण सुविधेच्या निधीतून गोदावरीच्या मुखाशी आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जोडप्रकल्प चालले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१८ मध्ये हरित हवामान निधीने आंध्र, महाराष्ट्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले. २०२३ मध्ये केंद्राची ‘मिष्टी’ योजना सुरू झाली, जी रोजगार हमी आणि भरपाई वनीकरणाचा पैसा एकत्र आणून सुमारे ५४० चौरस किलोमीटरांवर कांदळवन उभारू पाहते.

धरणातील गाळासाठीही सरकारी पैसा आहे, पण तो वेगळ्या खात्यातून येतो. २०१७ मध्ये महाराष्ट्राने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, जिच्यात उपसायंत्राच्या इंधनाचा भार शासन उचलते आणि शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरने गाळ शेतावर नेऊन मुरमाड रानावर पसरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वाहून गेलेली माती घरी परतणे होय, आणि तो हक्क त्याचाच आहे. चीनने पीत नदीवरील श्याओलांगडी धरणातून २००२ पासून ठरावीक काळी पाण्याबरोबर गाळ सोडून तो मुखापर्यंत पोहोचवण्याचा प्रयोग केला. जायकवाडीचे २७ दरवाजे सांडव्याच्या माथ्यावर असल्याने तळाचा गाळ त्यांतून जात नाही आणि तो प्रयोग येथे जसाच्या तसा करता येणार नाही. तरीसुद्धा निळ्या कार्बनसाठी येणाऱ्या पैशाचा एक वाटा पैठण ते दौलेश्वरमपर्यंतच्या गाळाच्या नियमित मोजणीवर खर्च व्हायला हवा. कारण कोरिंगाच्या रोपांची संख्या आणि लागवडीचे हेक्टर मोजले जात असताना त्यांच्या मुळांखाली दरवर्षी किती नवा चिखल येतो, यावरच तेथील कार्बनचा साठा वाढणार की समुद्र तो खरवडून नेणार हे ठरते.