विद्यापीठ की पेढी? १९२७ पासून विचारला जाणारा प्रश्न

चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, हे आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही पाठ असते. पण त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात काय बोलत होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. सरकारचेच आकडे त्यांनी सरकारपुढे ठेवले. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, हायस्कुलांच्या ३१ टक्के आणि मिडल स्कूलच्या २६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीतून वसूल होत होती. याला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे, ही त्यांची मागणी होती. आठवड्यातच पाण्यासाठी लढणारा हा माणूस शिक्षणाकडेही सार्वजनिक पाणवठा म्हणूनच पाहत होता.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला दोन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्यांची मागणी होती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे, तिची मुळे या लढ्यात आहेत. तंत्रशिक्षणावरच त्यांचा भर का होता? कारण यंत्र ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात, हे त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर खरगपूर (१९५१), मुंबई (१९५८) अशा आयआयटी सरकारी पैशांवर उभ्या राहिल्या. फी नाममात्र होती. पण तिथे आपल्याला आरक्षण मिळायला १९७३ उजाडले, आणि ओबीसींना तर २००८. म्हणजे शिक्षण स्वस्त होते तेव्हा बहुजनांसाठी दार जवळपास बंदच होते.

दार उघडले आणि भाषा बदलली. १९९३ साली पुन्नय्या समितीने विद्यापीठांना सांगितले की, चालू खर्चाचा १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के वाटा स्वतः उभा करा. २००० साली तर सरकारने उच्च शिक्षणाचा आराखडा बिर्ला आणि अंबानी या उद्योगपतींकडून मागवला. २०११ मध्ये काकोडकर समितीने आयआयटींच्या स्वायत्ततेबरोबर वर्षाला दोन ते अडीच लाख फी सुचवली. बी.टेक.ची वार्षिक फी २०१३ मध्ये ५० हजारांवरून ९० हजार झाली आणि २०१६ मध्ये थेट दोन लाख.

मग २०१७ साली ‘हेफा’ आली. केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांनी मिळून काढलेली ही वित्तसंस्था. पूर्वी इमारत, प्रयोगशाळा, वसतिगृह यांसाठी अनुदान मिळे, आता कर्ज मिळते. व्याजाचा भार सरकार उचलते, पण जुन्या तंत्रसंस्थांनी मुद्दल स्वतःच्या उत्पन्नातून दहा वर्षांत फेडायचे. हे उत्पन्न येते फी, सल्लासेवा आणि उद्योगांच्या प्रकल्पांतून. यालाच ‘उद्योजक विद्यापीठ’ म्हणून गौरवले जाते.

काही मित्र म्हणतात, “एससी-एसटींना आयआयटीत शिकवणी फी माफ आहे, मग तुम्ही कशाला ओरडता?” प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. एक, माफी शिकवणी फीची आहे. मेस, इतर शुल्क, प्रवेशाच्या वेळी भरायची रक्कम सुटत नाही. उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची जागा मिळाली, पण १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती हातची गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत मिळवून दिली. प्रत्येक मजुराचे पोर दिल्लीपर्यंत पोहोचते का? दोन, ओबीसींना जात म्हणून माफी नाही, उत्पन्नाची अट आहे. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, ज्या संस्थेला फीतून कर्ज फेडायचे आहे, तिच्या वहीत फीमाफीचा विद्यार्थी कोणत्या रकान्यात जाईल? हक्काच्या की तोट्याच्या?

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. वस्तीत काम करताना आमच्याकडे एक मुलगी आली होती. शासनाकडून शिष्यवृत्तीची रक्कम आली नव्हती, म्हणून कॉलेजने तिची गुणपत्रिका अडवून ठेवली होती. सरकार आणि कॉलेज यांच्यातले येणे तिच्याकडून वसूल केले जात होते. नोकरीच्या मुलाखतीची तारीख निघून गेली. उत्तीर्ण होऊनही ती आमच्यासमोर थकबाकीदारासारखी मान खाली घालून बसली होती.

संस्थांनी संशोधनातून पैसा मिळवू नये, असे आमचे म्हणणे नाही. जरूर मिळवावा. पण तो वरकड असावा. त्यावर संस्थेचा श्वास अवलंबून राहिला, तर कोणता विषय शिकवायचा आणि कोणाला शिकवायचे, हे बाजार ठरवेल. म्हणून तरुण मित्रांनो, आपल्या संस्थेचा ताळेबंद मागा. माहिती अधिकार वापरा. किती कर्ज घेतले, ते कशातून फिटणार, शिष्यवृत्तीची किती रक्कम थकली, हे विचारा. आरक्षणाइतकाच अर्थसंकल्पही आपला विषय आहे. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे भाषणात सांगून भागणार नाही.

महाडच्या जवळच लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे सरकारी तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे. दरवर्षी आपण तळ्यावर जातो. परतताना हायवेवर त्या विद्यापीठाची पाटी दिसली की १२ मार्चचे ते भाषण आठवा. पाणी खुले झाले. ज्ञान अजून मोजून, पैसे घेऊनच मिळते आहे.

जयभीम!