खेकड्याचा खोल पाण्यातला भाऊबंद

सुरगाण्यात पहिल्या पावसात ओहोळातले खेकडे धरायला तुमचा हात सरावलेला. नार-पारचं पाणी डोंगर उतरून ज्या अरबी समुद्राला मिळतं, त्याच समुद्रावर आज तुम्ही आहात. साल १८९१. पायाखाली ‘इन्व्हेस्टिगेटर’, १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली लाकडी आगबोट. दोन्ही बाजूंना तिची चाकं पाणी कापताहेत.

लक्षद्वीपजवळ शेकडो वाव खोल सोडलेलं जाळं वर यायला बराच वेळ घेतं. खलाशी ते डेकवर उलटं करतात. राखाडी गाळ, चेंगरलेली कोळंबी, पोवळ्याच्या तुटक्या फांद्या. बोटीवरचे सर्जन आणि प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड अल्कॉक गाळ धुऊन निवडायला बसतात. एक फांदी तुमच्या हाती येते. तिला देठावर उभं, करंगळीच्या नखाएवढं काहीतरी चिकटलंय. अंगावर चुन्याचं, तुकड्यातुकड्यांचं कवच. ‘शिंपलाच की,’ तुम्ही म्हणता.

हे खरं तर बार्नॅकल. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनीयसनेही त्याला शिंपल्यांतच बसवलं होतं. जॉन व्हॉन थॉम्सन यांनी त्याची पिल्लं वाढताना पाहिली, ती पोहणारी, पायांची निघाली. १८३० मध्ये त्यांनी छापून सांगितलं, हा खेकडा-कोळंबीच्या गणगोतातला.

कवचाच्या फटीत सुई घाला. आतला जीव डोक्याकडून चिकटलाय आणि केसाळ पायांच्या सहा जोड्यांनी पाण्यातलं अन्न ओढतो. आता भिंग धरा. कवचाच्या कडेला, आतल्या बाजूस, जेमतेम दिसणारा ठिपका आहे. तो नर. एवढी मोठी दिसते ती मादी. बार्नॅकलपायी आठ वर्षं घालवणाऱ्या डार्विननी असे खुजे नर १८५१ च्या ग्रंथात नोंदवलेत.

थांबा, सुरीने खरवडू नका! हा बार्नॅकल कोणत्या पोवळ्यावर बसला होता, हे कळलं नाही तर ओळख अर्धीच राहते. फांदीसकट स्पिरिटच्या बरणीत घाला. चिठ्ठीवर जागा, खोली, तारीख लिहा.

बरणीमागोमाग कलकत्त्याला चला. साल १९०५. इंडियन म्युझियममध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल ‘इन्व्हेस्टिगेटर’ची बार्नॅकल्स तपासताहेत. कवचाचे तुकडे किती, कुठे भिडतात, त्यांवर रेघा आहेत की ते गुळगुळीत, यावरून जात ठरते. हेच अ‍ॅनंडेल १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक होतील. नाव छापून झालं तरी नमुना टाकायचा नसतो. उद्या कुणी हरकत घेतली, तर वाद बरणी उघडूनच मिटवायचा.