तो तिसरा प्रेक्षक

विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५चा. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. गागोद्याला जाणाऱ्या माणसाला भूदान आठवते, धुळ्याच्या तुरुंगातली गीता-प्रवचने आठवतात, पवनारचा आश्रम आठवतो. सिनेमा कोणाला आठवत नाही, आणि आठवावा असे कारणही नाही. पण आपल्याकडे प्रेक्षक चित्रपटांविषयी कसकसे भांडत आले, याचे जुने कागद चाळत असताना मला आमच्याच तालुक्यातले हे नाव भेटले. १९६०च्या पावसाळ्यात, इंदुरात, सिनेमाच्या पोस्टरांवरून उठलेल्या वादात.

त्या वादाकडे येण्याआधी थोडे मागे जावे लागेल. कारण विनोबा जे बोलले त्याला तोवर तीसपस्तीस वर्षांची परंपरा झाली होती, आणि त्या परंपरेत पेण-रोह्यासारख्या गावांतल्या प्रेक्षकाची एक ठरलेली भूमिका होती. ती त्याला कोणी विचारून दिलेली नव्हती.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. चार वर्षांनी 'लंकादहन' आला. पडद्यावर राम दिसताच लोक पायातल्या वहाणा काढत, असे त्या काळाबद्दल नेहमी सांगितले जाते. ही आठवण सांगणारा स्वतः वहाणा काढणाऱ्यांतला नसतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो शेजारी बसून इतरांचे पाय पाहत असतो. चित्रपटाविषयीच्या आपल्या बोलण्याची सुरुवातच अशी, पडद्याकडे अर्धी नजर आणि शेजाऱ्याकडे अर्धी.

सरकारची नजर तर पूर्णपणे शेजाऱ्याकडेच होती. १९१८चा सिनेमॅटोग्राफ कायदा झाला, १९२०पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळे बसली. १९२७च्या ऑक्टोबरात सरकारने हिंदुस्थानातल्या सिनेमाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष मद्रासचे वकील दिवाणबहादूर टी. रंगाचारियार. सरकारच्या मनात दोन हेतू होते. अमेरिकन चित्रपटांतली गोऱ्या बायकांची चाळे करणारी रूपे पाहून काळ्या प्रजेच्या मनातला गोऱ्यांचा धाक कमी होतो, ही एक भीती. आणि त्या निमित्ताने ब्रिटिश चित्रपटांना बाजार मिळाला तर पाहावा, हा दुसरा हिशेब. समितीने ४,३२५ प्रश्नावल्या वाटल्या, देशभर हिंडून ३५३ साक्षीदारांच्या तोंडी साक्षी घेतल्या. खुद्द फाळक्यांनीही साक्ष दिली. चित्रपटावर सामान्य माणसाला काय वाटते याची एवढी मोठी विचारपूस आपल्याकडे आधी झाली नव्हती.

मात्र साक्षी कोणाच्या? वकील, प्राध्यापक, पोलीस अधिकारी, पाद्री, संपादक, चित्रगृहांचे मालक, समाजकार्य करणाऱ्या बायका. या साक्षी वाचताना एक गंमत पुन्हा पुन्हा दिसते. साक्षीदार स्वतः बिघडल्याचे सांगत नाही. तो सुशिक्षित असतो, त्याला बरेवाईट कळते. बिघडतो तो दुसरा कोणीतरी. अशिक्षित मजूर, शाळकरी पोर, खेडवळ माणूस, पडद्यावरचे खरे मानणारा. हा तिसरा प्रेक्षक प्रत्येकाच्या बोलण्यात आहे आणि साक्षीच्या खुर्चीत मात्र जवळजवळ कधीच नाही.

मी पेणचा असल्यामुळे हे वाचताना मला थोडे हसू येते आणि थोडा रागही येतो. धरमतरच्या खाडीतून लाँचने मुंबईला जाणारा, भाऊच्या धक्क्यावर उतरून दोनचार कामे आटपणारा आणि उरलेल्या वेळात एखादा खेळ पाहून परतणारा माणूस, किंवा जत्रेतल्या तंबूत जमिनीवर मांडी घालून सिनेमा पाहणारा माणूस, तोच हा तिसरा. त्याचे मत कोणी टिपून ठेवले नाही. त्याच्याविषयीची मते मात्र छापील खंडांत व्यवस्थित बांधून ठेवली आहेत.

रंगाचारियार समितीच्या बाबतीत एवढे म्हटले पाहिजे की ती सरकारच्या अपेक्षेप्रमाणे वागली नाही. १९२८च्या अहवालात बहुमताने ब्रिटिश चित्रपटांना खास सवलत देण्यास नकार दिला आणि देशी चित्रपटाला मदत करा असे सांगितले. अहवाल अर्थातच दप्तरात गेला.

याच समितीची प्रश्नावली गांधीजींकडेही गेली होती. त्यांनी उत्तर दिले ते त्यांच्या स्वभावाप्रमाणे सरळ होते. आपण कधी सिनेमाला गेलेलोच नाही, त्यामुळे उत्तरे द्यायला अपात्र आहोत. पण बाहेरच्या माणसालाही सिनेमाने केलेले नुकसान उघड दिसते, फायदा झाला असेल तर तो अजून सिद्ध व्हायचा आहे, असा त्याचा आशय. अपात्रता आणि निकाल एकाच पत्रात. आज कोणी असे लिहिले तर त्याची खिल्ली उडेल. पण गांधीजींनी निदान न पाहिल्याचे आधी सांगितले. न पाहता मत देणाऱ्यांत हा प्रामाणिकपणा पुढे फारसा दिसत नाही.

गांधीजींना उत्तर मिळाले ते बारा वर्षांनी, आणि ते एका प्रेक्षकाकडून. 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये चित्रपटांची परीक्षणे लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास तेव्हा पंचविशीत होते. जुगार, सट्टा, घोड्यांच्या शर्यती यांच्या पंक्तीत गांधीजींनी सिनेमाला बसवल्याचे वाचून ते दुखावले. ऑक्टोबर १९३९च्या 'फिल्मइंडिया'त त्यांनी गांधीजींना अनावृत पत्र लिहिले. पत्राचा सूर भांडणाचा नाही, घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावे तसा आहे. हे आमचे खेळणे दिसते तितके निरुपयोगी नाही, एकदा त्याच्याकडे लक्ष द्या, हसून खपवून घ्या. १९४४मध्ये गांधीजी जुहूला विश्रांतीसाठी राहिले असताना त्यांनी 'मिशन टू मॉस्को' हा अमेरिकन चित्रपट आणि विजय भट्टांचा 'रामराज्य' यांचे भाग पाहिले. सीतेच्या भूमिकेत शोभना समर्थ होत्या. अब्बासांच्या पत्राचा त्याच्याशी संबंध जोडणे बरोबर होणार नाही, पण पाहिले ते खरे.

ज्या मासिकात ते पत्र आले त्याबद्दल दोन शब्द. 'फिल्मइंडिया' १९३५मध्ये बाबूराव पटेलांनी काढले. माणूस मराठी, मासिक इंग्रजी, जीभ कोणत्याही भाषेत तिखट. त्यांच्या परीक्षणांनी निर्मात्यांची झोप उडे. पण माझ्या मते त्यांचे मोठे काम परीक्षणांपेक्षा प्रश्नोत्तरांच्या सदरात आहे. देशभरातल्या लहानमोठ्या गावांतून लोक त्यांना प्रश्न पाठवत. अमक्या नटीचे वय किती, तमका चित्रपट का पडला, तुम्ही त्याला शिव्या का दिल्या, आम्हाला तर आवडला. पटेल उत्तरात कोपरखळी मारत, कधी सरळ अपमान करत, आणि लोक पुढच्या महिन्यात पुन्हा लिहीत. अपमान करून घ्यायला पैसे देऊन अंक घेणारे वाचक मिळणे हे कोणत्याही संपादकाचे भाग्यच. पण विनोद बाजूला ठेवला तर इथे काहीतरी नवीन घडत होते. रंगाचारियार समितीसमोर ज्याच्याबद्दल बोलले जाई, तो गावातला प्रेक्षक इथे स्वतःच्या नावाने बोलत होता. इंग्रजी येणाराच, हे खरे. तेवढ्यापुरता दरवाजा अरुंदच होता.

स्वातंत्र्यानंतर तो उघडा राहील असे वाटले असेल तर तसे झाले नाही. १९४९मध्ये 'यू' आणि 'ए' अशी प्रमाणपत्रे आली, १९५२चा कायदा आला. १९५४मध्ये दिल्लीच्या तेरा हजार बायकांनी पंतप्रधान नेहरूंना अर्ज दिला, की चित्रपटांमुळे मुलांवर वाईट परिणाम होतो, आवर घाला. त्याच वर्षी लीलावती मुन्शींनी राज्यसभेत ठराव मांडला. आणि नेमके त्याच वर्षी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. सिनेमा पोरांना बिघडवतो म्हणणारे आणि हा सिनेमा पोरांना दाखवाच म्हणणारे, दोघांच्याही मनात पोर तेच होते. पोराला काय आवडते, हे दोन्हीकडे बाजूलाच.

आता इंदूर. चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली ती मे १९६०मध्ये. तिथून ते इंदुरात आले आणि रस्त्यारस्त्यांवरची सिनेमाची पोस्टरे पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी जे आंदोलन उभे केले त्याचे नाव 'अशोभनीय' पोस्टरांविरुद्धचे. 'अश्लील' हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. अश्लील काय ते कायदा ठरवील, अशोभनीय काय ते नागरिकाने ठरवावे. आणि त्यांचा युक्तिवाद आधीच्या साऱ्यांपेक्षा वेगळा होता. चित्रपटाला जायचे की नाही हे माणूस ठरवतो, तिकीट काढतो. पोस्टर मात्र रस्त्यावर उभे असते, शाळेला निघालेल्या मुलाच्या डोळ्यांत शिरते, त्याला कोणी विचारलेले नसते. हे विषयवासनेचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण झाले, असे ते म्हणत. चित्रगृहांच्या मालकांना आधी समजावा, नाहीच ऐकले तर सत्याग्रह करा, इथवर त्यांनी लोकांना परवानगी दिली.

मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही. रस्त्यावर नको असलेले खूप काही दिसते, आणि शोभनीय कोण ठरवणार हा प्रश्न विनोबांच्या सौम्यपणाने सुटत नाही. त्यांच्यामागून येणारे त्यांच्याइतके सौम्य असतीलच असे नाही. पण एक गोष्ट त्यांनी अचूक पकडली. चित्रपट पाहणारे थोडे आणि चित्रपटाच्या जाहिरातीवरून मत बनवणारे जास्त, ही ती गोष्ट. न पाहणाऱ्यालाही बोलायचा हक्क आहे असे त्यांनी म्हटले, पण तो हक्क पोस्टरापुरता ठेवला, चित्रपटापर्यंत नेला नाही. ही मर्यादा पुढच्या लोकांनी ठेवली नाही.

अब्बास पुन्हा भेटतात ते सर्वोच्च न्यायालयात. 'ए टेल ऑफ फोर सिटीज' या त्यांच्या लघुपटाला 'यू' नाकारले गेले होते, कारण त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. खटला चालू असताना सरकार काटछाट न करता 'यू' द्यायला तयार झाले. दुसरा कोणी असता तर पेढे वाटून घरी गेला असता. अब्बासांनी अर्ज दुरुस्त केला आणि प्रदर्शनापूर्वीच्या सेन्सॉरलाच आव्हान दिले. २४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने निकाल दिला तो त्यांच्याविरुद्ध. चित्रपट इतर कलांपेक्षा मनाला जास्त खोल भिडतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देणे योग्य, असे न्यायालयाने म्हटले. मनाला भिडतो कोणाच्या? निकाल वाचताना १९२७चा तोच तिसरा प्रेक्षक बाकावर बसलेला दिसतो. १९८९च्या रंगराजन खटल्यात न्यायालय जरा पुढे आले. कसोटी सामान्य समजेच्या माणसाची लावा, अतिसंवेदनशील माणसाची नको, आणि निदर्शनांच्या धमकीने अभिव्यक्ती दाबता येणार नाही, असे तेव्हा सांगितले गेले.

कागदावर हा निकाल आहे. रस्त्यावर काय झाले ते आपल्या आठवणीतले आहे. 'बाजीराव मस्तानी' १८ डिसेंबर २०१५ला आला, पण 'पिंगा' गाण्यावरचे रण महिनाभर आधीच पेटले होते. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का, या प्रश्नावर घराघरांतल्या मोबाइलवर भावाभावांत अबोला आला. सगळ्यांनी पाहिले होते ते गाणे, चित्रपट कोणीच नाही. 'पद्मावती'च्या बाबतीत तर चित्रीकरणही संपले नव्हते. जानेवारी २०१७मध्ये जयपूरला सेटची मोडतोड झाली, मार्चमध्ये कोल्हापूरजवळ मसाई पठारावरचा सेट जाळला गेला. चित्रपट पडद्यावर आला २५ जानेवारी २०१८ला, नाव बदलून. विनोबांचे रस्त्यावरचे पोस्टर आता प्रत्येकाच्या खिशात आले आहे.

आमच्या पेणला चित्रपटाविषयीचे मत मातीतही उमटते. 'बाहुबली' चालला त्या वर्षांत तशा बाप्पांची मागणी आली, त्याआधी 'जय मल्हार' मालिकेची, २०२२मध्ये 'पुष्पा'ची. दाढी खाजवणारा गणपती पाहून लोक चिडले, आणि कारखानदारांना दूषणे दिली गेली. एका कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला मी विचारले, की चित्रपट पाहिला का. तो म्हणाला, "नाही हो, मंडळाने फोटो पाठवला होता." मग ब्रश बाजूला ठेवून त्यानेच विचारले, की तुम्ही पाहिलात का, आणि बरा आहे का. मी मत सांगितले. त्याला ते पटले नाही. त्याच्या मुलाने पाहिला होता आणि मुलाचे म्हणणे वेगळे होते.

२९ एप्रिल २०१६ला नागराज मंजुळेंचा 'सैराट' लागला आणि मराठीत तोवर कोणी पाहिला नव्हता एवढा गल्ला त्याने केला. तो वादही आपल्याला पाठ आहे. शाळकरी पोरे पळून जातील, असे एक बाजू म्हणाली. जातीचे वास्तव दाखवले म्हणून तुम्हाला झोंबते, असे दुसरी म्हणाली. दुसऱ्या बाजूकडे माझा कल होता आणि आहे. पण दोन्हीकडचे पुष्कळसे लोक आपापल्या मनातल्या एका पोराविषयी बोलत होते, साक्षीच्या खुर्चीत नसलेल्या. त्या महिन्यात पेणच्या एसटी स्टँडवर कॉलेजची मुले-मुली गाडीची वाट पाहत भांडताना मी ऐकली. पळून जावे की जाऊ नये, यावर त्यांच्यात एक शब्दही नव्हता. भांडण शेवटावर होते. आवाज बंद करून ते लहान मूल रक्ताच्या पावलांनी चालत जाते, तो शेवट हवा होता का, की आर्ची दारात रांगोळी काढत असतानाच थांबायला हवे होते. एक मुलगी म्हणत होती की तिथे थांबला असता तर आपण गाणी म्हणत घरी गेलो असतो. दुसरा म्हणत होता, मग जा की, त्यात वाईट काय आहे. रोह्याची गाडी लागली तरी ते संपले नव्हते.