शिक्का, मोर्तब आणि माझी ईमेलची सही

गेल्या आठवड्यात हपिसातून फर्मान निघालं की सगळ्यांनी ईमेलच्या सह्या एकसारख्या करायच्या. नाव निळ्यात, हुद्दा करड्यात, खाली लोगो. म्हटलं शनिवारी बेलवलीला घरीच बसून उरकून टाकू. आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल, सिग्नेचर्स. पाच मिनिटांचं काम. एका सहीच्या आत तीन फाइली तयार होतात, एचटीएम, आरटीएफ आणि टीएक्सटी. साध्या मजकुराच्या मेलला उत्तर दिलं की तिसरी वापरली जाते आणि रंग, लोगो सगळं गायब. तेव्हा तीही उघडून बघा.

पण या सहीवर माझा जुना राग आहे. मागे एकदा मी एका गिऱ्हाइकासाठी लिहिलं होतं, "शुक्रवारपर्यंत होईल का बघतो." मेल पुढे पाठवताना मधल्या कुणीतरी त्याचं "शुक्रवारपर्यंत होईल" करून टाकलं. खाली माझं नाव, हुद्दा, फोन, सगळं जसंच्या तसं! शुक्रवारी शिव्या मी खाल्ल्या.

तेव्हापासून मराठेशाहीतल्या कागदांकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. ही पत्रं मोडीत, बहुधा कारकुनाच्या हातची. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. विरामचिन्हं नाहीत, शब्दांत अंतर नाही. म्हणजे अक्षरावरून धनी ओळखू येत नाही, आणि मजकूर संपला कुठे तेही नाही. यावर उपाय दोन. वरती शिक्का, म्हणजे हे कुणाचं ते कळलं. शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही घुसडलं तर ते आमचं नव्हे. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर "मर्यादेयं विराजते" अशी अक्षरं आहेत. इथे मर्यादा आहे, बस्स! शब्द मूळ अरबी 'मुरत्तब', म्हणजे रीतसर लावलेलं. कागदावर "मोर्तब सूद" दिसतं त्यातलं 'सूद' हे फारसी 'शुद', म्हणजे झालं. आपल्या पेपरांत रोज कशावर ना कशावर शिक्कामोर्तब होत असतं, ते हेच.

लांब कागद म्हणजे तर पट्ट्या एकीला एक चिकटवलेल्या. मधली पट्टी काढून दुसरी लावली तर? म्हणून सांध्यांवर मागच्या बाजूनं शिक्के मारत. यात प्रोग्रामरचं डोकं आहे असं मला तरी वाटतं.

तरीही एक भोक राहतंच. शेवट राखला, सांधे राखले, पण ओळीतलं अक्षर? ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे'चं 'मारावे' केलं, ध चा मा झाला, असं सांगतात. ही आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण ती अडीचशे वर्षं टिकली, कारण असं होऊ शकतं हे प्रत्येकाला पटतं. मला तर फारच पटतं.

हे भोक बुजवते ती डिजिटल सही. आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं तिला मान्यता मिळाली. ती मजकुराखाली चिकटत नाही, पूर्ण मजकुरातूनच गणितानं निघते. ध चा मा करा, हिशेब जुळणार नाही. निळं नाव आणि लोगो हे मात्र नुसतं सजवलेलं नाव, कुणीही कॉपी करून कुठेही डकवावं. गंमत म्हणजे मोर्तबाचा खरा वंशज जुन्या साध्या ईमेलमध्ये होता: दोन डॅश, एक स्पेस, नवी ओळ. याच्या खाली मजकूर नाही, सही आहे, हे प्रोग्रामला कळायचं. आणि सही चार ओळींत आटपावी असं १९९५ च्या आरएफसी १८५५ मध्ये लिहिलेलं आहे. आमच्या हपिसाची नवी सही नऊ ओळींची!

असो. फर्मानाप्रमाणे एचटीएम केली. टीएक्सटी फाइल कोण उघडून बघतंय, म्हणून तिच्यात दोन डॅशांखाली माझं नाव आणि फक्त "मोर्तब सूद" एवढंच ठेवलं.

सोमवारी दिल्लीच्या टीममधून उत्तर आलं: हे सूद साहेब कोण? यांना सीसीमध्ये ठेवायचं का?